तिसरा मेल

"मॅडम, तेवढी एक सही राहिलीय तुमची," हेडक्लार्क जिन्याच्या वळणावर म्हणाले आणि त्यांनी काखेतल्या फायलीतून एक कागद अर्धा बाहेर ओढला. बाईंच्या एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप, आणि अकराच्या तासाला आधीच चार मिनिटं उशीर झालेला. त्यांनी मान वाकडी करून वाचलं. मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबत अर्ज. अर्जदाराच्या जागी मोजपट्टीचं नाव होतं. मोजपट्टी म्हणजे त्यांची संशोधक विद्यार्थिनी. विहिरींची पाणीपातळी मोजून परत आली की गळ्यातली टेप काढायचं भान तिला नसायचं, तशीच विभागभर हिंडायची. म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत आणि तीही ओ द्यायची. खाली 'कारण' असा रकाना होता आणि त्यात तिच्या सुबक, किंचित मागे झुकलेल्या अक्षरात एकच ओळ होती : मार्गदर्शकांशी संपर्क होऊ शकत नाही.

"संपर्क होऊ शकत नाही म्हणजे काय?" बाई म्हणाल्या. "माझी खोली तिच्या टेबलापासून बारा पावलांवर आहे."

"आता ते मी काय सांगणार? चार मेल केलेत म्हणे तिने. मागच्या पानावर तारखा दिल्यात." मग हेडक्लार्क जरा सूर उतरवून, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुमच्या मेलचं सगळ्यांना माहीतच आहे म्हणा. ती तीन वाजता येणार आहे कागद न्यायला. तोवर टेबलावर ठेवू का तुमच्या?"

"ठेवा," बाई म्हणाल्या. कप कलला आणि चहा मनगटावरून बाहीत गेला. तो गरम होता हे त्यांना वर्गाच्या दारात पोचल्यावर कळलं.

तास त्यांनी घेतला. तीस वर्षं शिकवल्यावर तोंड आपलं आपण शिकवतं, त्याला माणूस लागत नाही. पाणी मुरतं कसं, खडकाच्या भेगांतून वाट काढतं कसं, हे त्या फळ्यावर काढत होत्या आणि आतून एकच गोष्ट मोजत होत्या : आपण मोजपट्टीशी शेवटचं कधी बोललो? जिन्यात एकदा, पण ते "कशी आहेस" एवढंच. त्याआधी ती दारात आली होती तेव्हा बाईंच्या कानाला फोन होता आणि त्यांनी हातानेच 'नंतर' अशी खूण केली होती. मग ती पुन्हा आली होती. त्या वेळी कानाला फोन नव्हता. बाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं होतं, "मेल टाक ना मला. तिथे बोलू सविस्तर." हे आठवलं तेव्हा हातातला खडू मोडला आणि पहिल्या बाकावरच्या कुणीतरी तो उचलून दिला.

खोलीत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. अर्ज टेबलाच्या मधोमध ठेवलेला होता, उडू नये म्हणून त्यावर त्यांचाच कागदाला भोकं पाडायचा पंच. त्यांनी तो बाजूला न करता लॅपटॉप उघडला. न वाचलेले मेल चौदा हजार दोनशे आठ. हा आकडा आता त्यांना वजनाच्या काट्यासारखा झाला होता. बघून न बघितल्यासारखं करायचं. सुरुवात कधी झाली ते त्यांना नीट आठवायचं. आई आजारी होती तेव्हा तीन आठवडे काही उघडलं नव्हतं आणि परत आल्यावर सहाशे होते. सहाशेंना उत्तर देता येतं, रविवारी बसून, असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. तो रविवार आलाच नाही. सहाशेंवर दोन हजार चढले. त्यात परिषदांची आमंत्रणं, समित्यांची इतिवृत्तं, ग्रंथालयाची स्मरणपत्रं, 'आदरणीय मॅडम' करून सुरू होणाऱ्या अनोळखी मुलांच्या विनंत्या, परीक्षणासाठी आलेले लेख, त्या लेखांची आठवण, आठवणीची आठवण. शेजारच्या खोलीतल्या सरांनी एकदा खुर्ची ओढून बसून त्यांना शिस्त लावून द्यायचा प्रयत्न केला होता. सरांची मेलची पेटी रोज संध्याकाळी पाचला रिकामी असायची आणि हे ते, लोक रक्तातली साखर सांगतात तसं, विचारल्याशिवाय सांगायचे. त्यांनी बाईंना कप्पे करून दिले : 'आज', 'या आठवड्यात', 'तातडीचं'. महिनाभरात बाईंनी त्यात 'आजच' आणि 'खरंच तातडीचं' असे दोन कप्पे वाढवले, आणि मग पाचही कप्पे उघडायचे बंद केले. विभागात यावरून विनोद व्हायचे. निरोप समारंभात मुलं म्हणायची, मॅडमना मेल पाठवणं म्हणजे बाटलीत चिठ्ठी घालून समुद्रात सोडणं. बाई सगळ्यांत मोठ्याने हसायच्या. हसण्यात एक सोय होती. ज्याचा पसारा जगजाहीर असतो त्याला कुणी विचारत नाही की अमुक एक गोष्ट कुठे गेली.

त्यांनी शोधाच्या पट्टीत मोजपट्टीचं नाव टाकलं. चार मेल वर आले. पहिला चाळीस दिवसांपूर्वीचा, दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा जोडलेला. 'मॅडम, सवडीने पाहावं.' दुसरा दहा दिवसांनंतरचा. 'मॅडम, एका गोष्टीबद्दल प्रत्यक्ष बोलायचं आहे, अर्धा तास मिळेल का?' चौथा पाच दिवसांपूर्वीचा, सगळ्यांत लहान. 'मॅडम, तुमचं उत्तर नाही हेच उत्तर समजते. राग नाही.' हे तिन्ही ठळक अक्षरात होते, न वाचलेले मेल असतात तसे. बाईंनी ते त्या क्षणी पहिल्यांदा वाचले आणि 'राग नाही' हे दोन शब्द पुन्हा एकदा वाचले. आणि या तिन्हींच्या मध्ये तिसरा मेल होता, तेवीस दिवसांपूर्वीचा. तो बारीक अक्षरात होता.

बारीक, म्हणजे उघडलेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खिडकीकडे गेल्या. खाली माळी पाइपने कुंड्यांना पाणी घालत होता आणि पाणी कुंडी भरून फरशीवर वाहत असतानाही तो तिथेच पाइप धरून कुणाशी तरी बोलत होता. कधीकधी बोट चुकून लागतं. फोन पर्समध्ये आपोआप उघडतो. कप्पे करताना सरांच्या हातून उघडला गेला असेल. पण कप्प्यांना तर वर्ष होऊन गेलं. त्या परत खुर्चीत येऊन बसल्या आणि मेल न उघडता त्यांना आठवलं की त्यात काय आहे. शब्द न् शब्द आठवला.

'मॅडम, तुमच्या जुन्या वह्यांवरून तक्ता तीन पुन्हा मांडला. दुसऱ्या फेरीतल्या एक्केचाळीस विहिरींपैकी सतरा विहिरींच्या नोंदींपुढे बारीक "क." लिहिलेलं आहे. ते "कठड्यापासून" असावं असं वाटतं. पण छापलेल्या लेखात त्या विहिरींतून कठड्याची उंची वजा झालेली दिसत नाही. सरासरी नव्वद सेंटिमीटर धरली, तर एकूण घटीतले सदतीस सेंटिमीटर पाण्याचे नाहीत, कठड्यांचे आहेत. माझंच काही चुकत असेल तर कृपया सांगा.'

अभ्यासक्रम समितीची बैठक होती तेव्हा. टेबलाखाली फोन होता आणि समोर कुणीतरी श्रेयांकांबद्दल बोलत होतं. बाईंनी मेल शेवटपर्यंत वाचला होता. 'क.' हे अक्षर वाचलं आणि त्यांना बैठकीची खोली दिसेनाशी झाली होती. दिसली ती निळ्या पुठ्ठ्याची वही, बावीस वर्षांपूर्वीची. विहिरीचं पाणी किती खोल आहे ते जमिनीपासून मोजायचं असतं. घाईत कुणी कठड्यावरूनच टेप सोडली तर हरकत नसते, फक्त कठड्याची उंची नंतर वजा करायची. दुसऱ्या फेरीच्या शेवटी बाईंना ताप भरला होता आणि उरलेल्या सतरा विहिरी प्रयोगशाळेच्या मदतनिसांनी मोजल्या होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे प्रत्येक आकड्यापुढे 'क.' लिहून ठेवलं होतं. वही देताना म्हणालेही होते, "बाई, तेवढं बघून घ्या." बाईंनी अंगात ताप असतानाच आकडे उतरवून काढले. पहिल्या फेरीपासून दहा वर्षांत पाणी एक मीटर दहा सेंटिमीटर खाली गेलं, असा निष्कर्ष निघाला. तो लेख गाजला, पुस्तकांत गेला. त्या लेखावर त्यांना ही खोली मिळाली होती, ही खुर्ची, खिडकी, खालच्या कुंड्या. सदतीस सेंटिमीटर वजा केले तरी दोन तृतीयांश गोष्ट खरीच राहत होती. त्याच दिवशी, बैठक संपायच्या आत, दोन ओळी लिहिता आल्या असत्या : तुझं बरोबर आहे, शाबास, ये भेटायला. त्यांनी फोन उपडा ठेवला होता आणि श्रेयांकांबद्दल मत दिलं होतं.

विसरल्या होत्या का त्या? हा प्रश्न त्यांनी स्वतःला पोलिसासारखा, समोर बसवून विचारला. विसरल्या होत्या, हेही खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वर साठ मेल आले होते. दुसऱ्या दिवशी एका प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. मधले चार-चार दिवस असे गेले की त्यांना त्यातलं खरोखर काही आठवलं नाही. पण व्हरांड्यातून मोजपट्टीच्या चपलांचा आवाज आला की हात फोनकडे जायचा आणि तो कानाला लागायचा, पलीकडे कुणी नसलं तरी. हाताला आठवत होतं. चौदा हजारांचा ढीग रचताना त्यांना कधी वाटलं नव्हतं की आपण एक चांगली जागा तयार करतोय, जिथे काहीही टाकलं तरी ते हरवलंच म्हणता येईल.

आणि मग त्यांना बाबांचं पाकीट आठवलं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. प्रयोगशाळेतून माणूस येऊन बाबांच्या तपासणीचं पाकीट देऊन गेला तेव्हा घरात त्या आणि आत झोपलेले बाबा, एवढेच होते. पाकीट जाड होतं. साध्या दुखण्याचं पाकीट एवढं जाड नसतं, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते रद्दीच्या गठ्ठ्यात, मधोमध, सरकवून ठेवलं आणि कॉलेजला गेल्या. संध्याकाळी दादाने विचारलं, "पाकीट आलं का गं?" त्या म्हणाल्या, "नाही रे." दोन दिवस घरात नेहमीसारखं चाललं होतं. बाबा आमटीला मीठ कमी म्हणाले होते. त्या दोन दिवसांइतके सुखाचे दिवस त्या घरात पुन्हा आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादा स्वतःच प्रयोगशाळेत गेला, तिथून परत आला, रद्दी उपसली, पाकीट सापडलं. बाई दारात उभ्या होत्या. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यानेच सुटकेची वाट करून दिली : "वर्तमानपत्राबरोबर घडी झाली असेल. राहून गेलं तुझ्याकडून." त्या म्हणाल्या, "हो, राहून गेलं." डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांनी काही फरक पडला नाही. पुढे कितीतरी वर्षं दादा घरी आलेल्या माणसांना हसत सांगायचा, आमची ही म्हणजे पहिल्या नंबरची विसराळू. तीच त्यांची ओळख झाली. त्या छत्र्या विसरायच्या, किल्ल्या विसरायच्या, वाढदिवस विसरायच्या. आज, अडतीस वर्षांनी, त्यांना पहिल्यांदा शंका आली की त्या मुळात विसराळू होत्या तरी का.

अडीच वाजता दारावर टकटक झाली आणि शेजारचे सर डोकावले. हेडक्लार्कच्या तोंडून बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच होती. "अहो, एवढा चेहरा काय पाडताय?" ते म्हणाले. "स्पॅममध्ये गेले होते म्हणा. सगळे तेच म्हणतात. मीसुद्धा म्हणतो."

"तुमची पेटी तर रिकामी असते."

"म्हणून तर कुणाला शंका येत नाही," सर हसले. "आणि तुमच्या बाबतीत तर पुरावाच मागायला नको. तिला म्हणावं, राहून गेलं गं. अर्ज मागे घेईल, पोरगी भली आहे. प्रकरण इथंच मिटेल."

ते गेल्यावर त्यांचं बोलणं खोलीत राहिलं. राहून गेलं. किती मऊ शब्द होते. त्यात करणारा कुणीच नव्हता. बाईंना ते जमलं असतं. घड्याळात पावणेतीन झाले तेव्हा त्यांनी ते मनात एकदा म्हणूनही पाहिलं, डोक्याला हात लावून, थोडं हसून, त्यांच्या नेहमीच्या ढंगात. मोजपट्टीने विश्वास ठेवला असता. मग ती हळूच तक्ता तीनचा विषय काढेल, बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखं दचकतील, म्हणतील, अगं बाई, दाखव बघू. सगळं जागच्या जागी बसत होतं. तीनला पाच कमी असताना चपलांचा आवाज आला आणि त्यांनी पाहिलं, आपला उजवा हात टेबलावरच्या फोनकडे निघाला आहे. त्यांनी तो डाव्या हाताने धरला.

"येऊ का, मॅडम?"

"ये. बस."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वाळली होती. पंचाखालचा सहीचा कोरा रकाना तिला दिसला असणार.

"अजून वाचला नसेल अर्ज, तर मी नंतर येते," ती म्हणाली.

"अर्ज वाचला."

"मॅडम, मला तक्रार करायची नव्हती. ऑफिसात सांगितलं, कारण भरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत. काय लिहावं कळेना." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "एकच विचारू? तिसऱ्या मेलमध्ये मी ते कठड्यांचं लिहिलं होतं. तेव्हापासून मला वाटतंय, तुम्ही दुखावला असाल. मी तुमच्या वह्यांत नाक खुपसायला नको होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात. तो मेल तुम्ही वाचला होता का? की खरंच राहून गेला?"

तिनेही तीच वाट काढून दिली होती. दादासारखीच, समोर धरून, प्रेमाने. बाईंना तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला 'राहून गेला' हेच ऐकायचं आहे. त्यावर तिला झोप लागली असती.

"वाचला होता," बाई म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी कपाटाचं दार आपटलं.

"ज्या दिवशी आला त्याच दिवशी वाचला. शेवटपर्यंत. आणि वाचल्याबरोबर मला कळलं की तुझं बरोबर आहे. तुझ्यावर रागावले नव्हते. घाबरले होते. तुझी चाहूल लागली तेव्हा मी मुद्दाम फोन कानाला लावला. दोनदा तरी."

"मला वाटलं माझं गणित चुकलं," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मी सगळं चार वेळा केलं, मॅडम. आईला म्हटलं, मला हे जमत नाही, सोडून देते. तेवीस दिवस. तुम्ही एक ओळ लिहिली असती तरी..." आणि मग तिला रडू आलं, आणि त्याचाच राग आल्यासारखं तिने मनगटाने नाक पुसलं. बाई उठल्या नाहीत. उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा हक्क आपल्याला आत्ता नाही, एवढं त्यांना समजत होतं.

"तू थांबावंस असं मला वाटतं," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "पण ते मागायला तोंड नाही मला."

"नाही थांबणार मी," मोजपट्टी म्हणाली. शांतपणे म्हणाली. "सही करा."

बाईंनी पंच उचलला. सही करण्याआधी त्यांनी 'कारण' या रकान्यातली तिची ओळ एका रेघेने खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : मार्गदर्शकांनी पत्र वाचूनही उत्तर दिले नाही. मग सही करून कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचला, दोनदा वाचला, घडी न घालता हातात धरला आणि बाहेरून दार लोटून घेऊन गेली.

दुरुस्तीचं पत्र बाईंनी त्याच आठवड्यात नियतकालिकाला पाठवलं, चूक शोधणारी म्हणून मोजपट्टीचं नाव पहिलं घालून. संपादकांचं उत्तर आलं, तत्त्वतः मान्य. पण नव्वद सेंटिमीटर हा अंदाज झाला, सतराही कठडे प्रत्यक्ष मोजून कळवावेत. शेजारचे सर म्हणाले, "कशाला उकरून काढलंत," आणि काही दिवस जरा लांबूनच बोलले. पेटीतला आकडा पंधरा हजारांवर गेला; बाई काही एका दुपारीत शिस्तीच्या झाल्या नाहीत. मोजपट्टी दुसऱ्या मजल्यावरच्या सरांकडे रुजू झाली. पण वह्या बाईंच्या होत्या, विहिरींच्या वाटा फक्त बाईंना माहीत होत्या, म्हणून दोन शनिवार दोघी विभागाच्या जीपमधून गेल्या. फारसं बोलणं झालं नाही. मोजपट्टी मोजायची, आकडा म्हणायची. बाई तो परत म्हणून वहीत लिहायच्या. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. एका कठड्यावर तर कुणी नंतर विटांचे दोन थर चढवले होते. ते कुठून सुरू झाले ते तिने नखाने चुना खरवडून शोधलं आणि बाईंना मनात वाटलं, आपण असं कधी केलं नसतं.

सतरावी विहीर सापडेना. त्या जागी सिमेंटची पक्की फरशी होती आणि वर पत्र्याची शेड, दुचाकी दुरुस्तीची. हातातला पाना न ठेवता मेकॅनिक म्हणाला, "होती की. बुजवली. आठ वर्षं झाली असतील." नेमकी कुठे, विचारल्यावर त्याने जुन्या टायरांच्या चळतीकडे बोट केलं. "त्याच्या खाली कुठेतरी."

"सोळांवरच सरासरी काढू या?" मोजपट्टीने विचारलं.

बाई पेन धरून उभ्या होत्या. सोळांवर काढली तर कुणी विचारलं नसतं. "नको," त्या म्हणाल्या. "सतरावी ओळ राहू दे. तिच्यापुढे लिहिते, मोजता आली नाही." त्यांनी तसं लिहिलं.

मोजपट्टीने वाकून ते वाचलं. मग शेडच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे बघितलं, टायरांकडे बघितलं. "मग जागा तरी नक्की करून ठेवू," ती म्हणाली, आणि तिने टेप काढून तिचं टोक बाईंच्या हातात दिलं. "खांबाच्या तळाशी धरा, मॅडम. अगदी जमिनीला लावून."

बाई एका स्कूटरच्या आड गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी ते टोक अंगठ्याने फरशीला दाबून धरलं. टेप ताणली गेली. "हललं तुमचं," मोजपट्टी पलीकडून म्हणाली. बाईंनी पुन्हा नीट लावलं.